हात न लावायची गाडी

आमच्या सौसर गावातल्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये एक विलायती गाडी उभी होती, आणि माझ्या बाबांना गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जीभ तिखट झाली तर कारण विचारायला नको.

बाबा मँगनीजच्या खाणीत हेडक्लार्क होते. खाणीवरचा शेवटचा गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं आपली जवळजवळ कोरी गाडी बाबांच्या गळ्यात मारली. दोनच सीटा, वर कापडाचं छत, लांब नाक, शर्यतीत पळवायची जात. बाबांची झेप सायकलपर्यंत. गाडी शेडमध्ये शिरली ती तिथलीच झाली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. एरवी वर्षभर ताडपत्री. आईला एकदा त्या ताडपत्रीवर वड्या वाळवायच्या होत्या, तर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. माणसांचे असे लाड आमच्या घरात कोणाचे झाले नाहीत.

माझं बी.ए. झालं त्या वर्षी नागपूरहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या दलालाकडून त्यांना आमचा पत्ता लागला होता. बाबा चहाचं सांगायला घरात गेले आणि टॉर्च धरायला मी शेडमध्ये उभी राहिले. मला वाटलं, हे आता चमक बघतील, हॉर्न वाजवतील. ते तर पांढऱ्या पँटीसकट जमिनीवर आडवे झाले. खालून सगळं पाहिलं. दार चारदा उघडून लावलं आणि कान देऊन ऐकलं. मग ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवत राहिले.

मी विचारलं, "मीटर नाही बघत?" मीटरच्या काचेवर इतका धुरळा बसला होता की आकडा दिसतच नव्हता.

ते म्हणाले, मीटर कोणीही फिरवतं. या रबरावरच्या रेघा बघा. पाय पडून पडून त्या झिजतात, एकदा गेल्या की परत येत नाहीत. इथं सगळ्या शाबूत आहेत. चालवणाऱ्याच्या सीटची दाराकडची कड सगळ्यात आधी फाटते, ती धड आहे. रंग उडालाय, पण कारखान्यातलाच आहे. अशी कमी चाललेली आणि कोणी हात न लावलेली गाडी त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती. काच त्यांनी मुद्दाम पुसली नाही. महिन्याभरात मुंबईचा एक जाणकार घेऊन येतो, त्याच्यासमोरच पुसू म्हणाले. निघताना त्यांनी बाबांना हात जोडले, "काका, आहे तशी राहू द्या. धूळसुद्धा पुसू नका."

त्या संध्याकाळी बाबा खुशीत होते. मला नागपूरला बी.एड.ला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता, फी आणि होस्टेलवर घोडं अडलं होतं. बाबा स्वतःहून म्हणाले, "गाडी गेली का तुले नागपूरले पाठवतो. मास्तरीण होऊन जाय." मी वेडी, रात्रीतून ट्रंक आवरायला घेतली.

आणि मग बाबांच्या डोक्यात किडा शिरला.

आठवड्याभरात ते पांढुर्ण्याहून ट्रक रंगवणारा पेंटर आणि एक मिस्त्री घेऊन आले. मी शेडच्या दारात वाट अडवून उभी राहिले. म्हटलं, बाबा, ते धूळसुद्धा पुसू नका म्हणाले होते. बाबा हसले. लहान पोराला समजवावं तसं मला समजावून सांगू लागले. "असं म्हणाची रीत असते, पोरी. तुया मावशीच्या लग्नात सोयरे काय म्हणाले होते? आमाले फक्त पोरगी अन् नारळ पाह्यजे. मंग काय झालं? सायकल मागतली, घड्याळ मागतलं, अंगठी बोटाले ढिली झाली म्हणून जावई रुसून बसला. आहे तशी दाखवा म्हणणाऱ्याच्या पुढं जो आहे तशी ठेवते, तो बैताड, येडा."

त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. आमच्याकडे सगळे असंच बोलतात आणि सगळ्यांना त्याचा उलटा अर्थ कळतो. मला पाहायला येणारेही 'साधीच राहू द्या' म्हणायचे, आणि आई माझ्या तोंडाला पावडर थापायची. माझं वयसुद्धा बाबा दोन वर्षं कमी सांगायचे. मी तिथंच खुर्चीवर बसलेली असायची बरं, खाली मान घालून. पण त्या नागपूरच्या माणसाला सोयरीक करायची नव्हती हो! तो जे बोलला तेच त्याला म्हणायचं होतं. हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

गाडी खरवडली गेली. वर लालभडक रंग चढला, संत्र्याच्या ट्रकांवर असतो तसा, आणि पेंटरनं आपल्या मनानं मागे एक कमळ काढलं. सीटांना नवं रेक्झिन. पेडलांना नवं रबर, जुनं उकिरड्यावर. शेवटी मिस्त्रीनं मीटर काढलं, काच पुसली. आकडा चार हजार मैलांच्याही आतला निघाला. मी पाहिला. बाबांनीही पाहिला, आणि म्हणाले, "हजाराच्या खाली आण." माझं वय सांगताना त्यांचा चेहरा व्हायचा तसाच तेव्हा झाला.

महिन्यानं ते गृहस्थ मुंबईच्या जाणकाराला घेऊन आले. बाबांनी धोतर-कोट घातला होता, आईनं पोहे केले होते. ताडपत्री बाबांनी स्वतः ओढली. दोघंही पाहतच राहिले. जाणकारानं एकदा कमळाकडे पाहिलं, एकदा पेडलाकडे, आणि तो बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला. त्याचं काम तेवढ्यातच संपलं होतं.

बाबा सांगत होते, कोणीच हात लावला नाही, फक्त फडका मारला, मीटर बघा, मीटर. मला ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. खरा आकडा सांगितला, मीटर फिरवलं तेही सांगितलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आईनं पदर तोंडाला लावला.

ते गृहस्थ मला म्हणाले, "ताई, तुम्ही खरं सांगताय हे मला माहीत आहे. रबर मी या हातानं चाचपलं होतं. पण आता दुसऱ्या कोणाला मी काय दाखवू? गाडी खरंच चाललेली नाही, आणि ते सांगणारं तिच्यात आता काहीच उरलेलं नाही."

त्यांनी पोहे खाल्ले नाहीत. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, "तोंड बंद ठेवलं असतं तर सौदा झाला असता." बस्स. एवढ्या वर्षांत त्या दिवसाचा हिशेब त्यांनी असाच मांडला. पेंटर नाही, मिस्त्री नाही, ते स्वतः तर नाहीच नाही. दोष माझ्या तोंडाचा. देव देते अन् कर्म नेते म्हणतात, पण आमच्या घरात ते कर्म कोणाचं हे कोणी बोलत नाही.

नागपूरचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी एकदा काढला तर आई म्हणाली, त्यायच्या जखमेवर मीठ नको चोळू. त्यांच्या जखमेवर! मी ट्रंकेतले कपडे परत कपाटात ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात गाडी तिगावच्या एका वीटभट्टीवाल्यानं इंजिनासाठी नेली, पाणी ओढायला. जे पैसे हाती आले त्यात माझं लग्न झालं, मला मोहगावला दिलं. दारात मांडव घातला, वऱ्हाड जेवायला बसलं. बाबा पंगतीतून फिरत होते, प्रत्येकाच्या पानाशी वाकून आग्रह करत होते आणि सांगत होते, "विलायती गाडी होती आपली. पोरीसाठी विकली."

लोक हात थांबवून त्यांच्याकडे बघायचे. बाप असावा तर असा, म्हणायचे. माझ्या सासूनं ते ऐकलं आणि जन्मभर मला ऐकवलं. मी कधी नोकरीचं नाव काढलं, शिकायचं राहून गेलं म्हटलं, की त्या म्हणायच्या, "बापानं गाडी इकली तुयासाठी. अजून काय करावं त्यानं?"