मंद्रूपच्या अलीकडचं वळण

"हे आधी कोणी उघडलं होतं?"

आमच्या समोरच्या वकीलसाहेबांचा हा ठरलेला प्रश्न. पत्र येवो, लोणच्याची बरणी येवो, औषधाची बाटली येवो. उजेडात धरायची, डोळे बारीक करायचे आणि हेच विचारायचं. एकदा माझ्यादेखत त्यांनी नारळवाल्याला नारळ चारी बाजूंनी फिरवून दाखवायला लावला. मी म्हटलं, अहो, नारळ कोण कशाला उघडून ठेवील? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू त्या नारळात माझाच हात होता. मी साधा शाळामास्तर. अशा माणसाच्या शेजारात दिवस कसे काढले असतील, ते तुम्हीच समजून घ्या.

संशयी ते पहिल्यापासूनच, पण धाकटा भाऊ गेल्यावर त्या संशयाला ताळतंत्र उरलं नाही. हा धाकटा मोठा हौशी. एका जहागीरदाराची जुनी शर्यतीची मोटार त्याने घेतली होती. दोन माणसांपुरती, उघडी, पुढचं नाक हे एवढं लांब. सोलापुरात तेव्हा टांगेच फार. ती गाडी निघाली की घोडी बिथरत आणि टांगेवाले आईबाप काढत. एका शुक्रवारी दुपारी विजापूरच्या रस्त्यावर, मंद्रूपच्या अलीकडच्या वळणाला, गाडी ओढ्यात गेली आणि धाकटा जागच्या जागी संपला. सोबत कोणी नाही, पाहिलेलं कोणी नाही. गावात बोलवा उठली की प्यायलेला होता.

तो दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. वकीलसाहेबांच्या हिशेबी मग एकच उरत होतं: गाडीत कोणीतरी काहीतरी केलं. कोणी, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. गाडीची निगा एक म्हातारे ड्रायव्हर राखत, त्यांना सगळे चाचा म्हणत. एरवी रोज धाकट्याशेजारी बसणारे चाचा नेमके त्याच दिवशी बसले नव्हते. "साब, जुम्मा था, नमाज कू गया था," एवढंच ते सांगत. साहेबांनी त्यांना काढून टाकलं. वकिलाने संशयावरून काढलेल्या माणसाला दुसरं कोण ठेवणार? चाचा घरी बसले. खोटं कशाला बोलू, शंकेची पाल माझ्याही मनात चुकचुकत होतीच.

मोडकी गाडी बैल जुंपून घरी आणली गेली. गोठ्यातली म्हैस विकली आणि गोठ्याचा मोटारखाना झाला. गाडी पुन्हा उभी करायची आणि करता करता गुन्हा शोधायचा, असा बेत. कोर्टातून आले की काळा कोट खुंटीला आणि हातात पाना. रविवारी गिरणीतला एक फिटर मदतीला यायचा. जाताना साहेब त्याचे खिसे तपासत. पुढे पुढे तो बिचारा आपणहोऊन हात वर करून उभा राहू लागला. वाकलेला आस लोहाराकडे सरळ करायला नेला, तर हे भट्टीशेजारी घाम पुसत दिवसभर उभे. जवळपास वर्ष असं चाललं.

त्यात त्यांनी एक युक्ती काढली होती. नट आवळला की त्याच्यावरून शेजारच्या लोखंडावर कुंकवाची बारीक ओली रेघ ओढायची. रेघ मोडलेली दिसली की समजायचं, कोणीतरी हात लावला. नामी युक्ती, पण मध्ये आली खंडेनवमी. मागवाले माग पुजतात, सुतार रंधा पुजतो, मग घरातली मोटार कशी सोडायची? साहेब अंघोळीला गेले आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तबक घेऊन गोठ्यात शिरल्या. जागोजागी कुंकू बघून त्यांना वाटलं, यांनी पूजा मांडली आणि अर्धवट टाकली. त्यांनी एकूण एक नटाला हळदकुंकवाची ठसठशीत बोटं लावली.

झालं. चाचा येऊन गेला म्हणून साहेबांनी गल्ली डोक्यावर घेतली. सगळं इंजिन परत खोललं. दिवाळीची आंघोळसुद्धा तेलकट हातांनी झाली. शेवटी वहिनींच्याने राहवेना.

"कुंकू मी लावलं. आता मलाही पिंजऱ्यात उभं करा."

साहेबांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "तुला हे करायला कोणी सांगितलं?"

आम्ही पोट धरून हसलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

गाडी तयार झाली, पण तिच्यात काही सापडलं नाही. आता एकच परीक्षा उरली. त्याच रस्त्याने, त्याच वळणावरून, धाकटा नेई तशी भरधाव न्यायची. गाडी एका अंगाला ओढली तर चाचांवरचा आरोप पक्का. नाही ओढली, तर गाव म्हणत होतं तेच खरं. भाऊ नशेत मेला.

शेजारी बसायला त्यांनी मला निवडलं. "मास्तर, तुम्हाला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही काही बिघडवलेलं असणं शक्य नाही." एवढा विश्वास त्यांनी कोणावर टाकलेला मी पाहिला नव्हता. गाडीला पुढची काच नव्हती, म्हणून त्यांनी धाकट्याची चामडी टोपी आणि काळा चष्मा चढवला. दोघा भावांचा चेहरा एकच. वहिनींनी दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

विजापूर वेस मागे पडली आणि गाडी अशी सुटली की मी रामरक्षा पहिल्या ओळीतच विसरलो. वळण आलं. गाडी कुठेही न ओढता, सुतात वळली. साहेबांनी ती वळवून पुन्हा नेली. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तसंच. त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली.

"मास्तर, गाडीत काही नाही हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात ओढ्यातून एक धनगर धावत वर आला. मागे मेंढरं, आणि त्याचं धोतर धरून एक चिमुरडी. गाडीपाशी येऊन तो टोपी-चष्म्याकडे टक लावून बघत राहिला.

"मालक, वाचला व्हय तुमी?"

त्याने पोरीला पुढे ओढलं.

"हीच ती पोरगी. मेंढरामागं आडवी आली, आन् तुमी गाडी वढ्यात घातली की. मी लई भ्यालो, मालक. पोरीला उचललं आन् मेंढरं घिऊन भीमेपल्याड पळालो. वरीसभर झोप न्हाय मला."

मी मनात म्हटलं, आता याची उलटतपासणी. का पळालास, पोलिसांत का गेला नाहीस, साक्षीदार कोण? साहेबांनी दोन्ही हातांनी गाडीचं चक्र घट्ट धरलं होतं. चष्म्याखालून पाणी गालावर आलं, तरी त्यांनी चष्मा काढला नाही.

"हो," ते म्हणाले. "वाचलो."

आणि त्यांनी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

परत येताना त्यांनी गाडी घरी नेली नाही, चाचांच्या दारात नेली. सगळी गल्ली बघत असताना म्हणाले, "चाचा, माझं चुकलं." चाचा पुढे झाले. गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचं चाक हलवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले. धाकट्याने पोरीसाठी गाडी ओढ्यात घातली, हे साहेबांनी बाररूमपासून भाजीबाजारापर्यंत सगळ्यांना सांगितलं. धनगराला मात्र कोणी काही सांगायचं नाही, अशी आम्हाला ताकीद.

तो दरवर्षी एक घोंगडी घेऊन येई. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की साहेब लगबगीने आत जात आणि काळा चष्मा लावून बाहेर येत. बाकीच्या जगावर त्यांचा संशय होता तसाच राहिला. माझ्या घरचा चहासुद्धा ते आधी हुंगूनच पीत.

पुढे ते विषमज्वराने गेले. त्या साली धनगर आला तेव्हा वहिनींना बाहेर येववेना. मीच ओट्यावर गेलो.

"मालक गेले रे," मी म्हटलं.

तो तिथेच पायरीवर बसला. घोंगडी मांडीवर तशीच होती. त्याने मान वर केली.

"गाडीनं न्हाय न्हवं?"

"नाही. तापानं. घरात, आपल्या माणसांत."

"मग बरं," तो म्हणाला, आणि मग रडला.