नातीचा एस्टोनियन निबंध

त्या थंडीत स्कोफिल्ड्सला वार उरलेच नव्हते. सकाळी डोळे उघडावेत तर खिडकीत पांढुरकं ऊन. दुपारी डोळा लागावा तर तेच ऊन सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन महिन्यांसाठी इथे परदेशात लेकाकडे आलेली मी, विमानं बंद झाली आणि अडकले. पुण्यात आमचे हे एकटे, हाताने पिठलं-भात करून खायचे. रोज फोनवर एकच प्रश्न, "विमानाचं काही कळलं का गं?" देवापाशी माझंही तेवढंच मागणं.

सून एस्टोनियाची. नातीची शनिवारची एस्टोनियन शाळा तेव्हा लॅपटॉपवर भरायची. एकदा गृहपाठाला निबंध आला: 'लॉकडाऊन संपल्यावर'. मला स्फुरणच चढलं! जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. भाषा कुठलीही असो, निबंध तो निबंध. म्हटलं, "सुरुवात सुविचाराने कर. मग पिंजऱ्यातून सुटलेलं पाखरू घाल. शेवटी नव्या पहाटेची आशा."

नात पेन्सिल चावत म्हणाली, "नो आजी. टीचर वॉन्ट्स व्हॉट आय थिंक."

"अगं, मग तुझं थिंक जरा सजवून लिही की!"

तिने मान हलवली आणि उन्हात पालथी पडून लिहीत बसली. डोक्यावर टिंबं घेतलेली ती परकी अक्षरं बघता बघता मला झोप लागली.

जाग आली तेव्हा सून वही घेऊन उभी, चेहरा उतरलेला. "आई, यू शुड नो," म्हणाली आणि हळूहळू इंग्रजीत सांगू लागली. ना नमन, ना घडाभर तेल. पोरीने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, लॉकडाऊन संपूच नये. संपला की विमानं सुरू होतील आणि आजी जाईल. आजी दुपारी झोपते तेव्हा मी तिच्या पायांना पाय लावून बसते. तिकडे आजोबा एकटे आहेत, मला माहीत आहे. तरी मला असंच वाटतं.

अगं बाई गं! मी मेली रोज देवापुढे नेमकं उलटंच मागत होते. सुनेसमोरच मला रडू फुटलं.

संध्याकाळी ह्यांना फोनवर सगळं मराठीत सांगितलं.

"खरं लिहिलंय पोरीने," हे म्हणाले. "तिला म्हणावं, आजोबा रागावले नाहीत."

मग फोन ठेवता ठेवता म्हणाले,

"पण तू ये गं आता."