बादलीसाहेब

फटाक्याच्या दुकानात शिरले की बादलीसाहेब आधी शर्टाची बाही वर सरकवत आणि वाळूच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालत. रामराम नंतर. सत्तरच्या दशकात नागपुरात दिवाळीपुरतं फटाक्याचं दुकान लावायचं तर महापालिकेचा तात्पुरता परवाना लागे. दुकानात एक बादली वाळू, एक बादली पाणी आणि आत कुठेही उघडी ज्योत नको, या त्याच्या मुख्य अटी. आमच्या सक्करदऱ्याच्या मैदानावर त्या तपासायला हे साहेब येत. त्यांचं खरं नाव परवान्याखालच्या सहीत होतं, पण ती सही कुणाच्या बापाला वाचता येत नसे.

हात घालण्याला कारण होतं. चांगली वाळू मिळवायला खटपट करावी लागे, म्हणून लोक शक्कल लढवत. एका दुकानात वर चार बोटं वाळू आणि खाली नुसती रद्दी निघाली. साहेबांनी एकेक कागद काढून त्याची नीट घडी घातली, दुकानदाराच्या हातात दिली आणि विचारलं, "आग लागली तं तिले पेपर वाचून दाखवशीन का गा?" मी आणि माझा कॉलेजातला मित्र सुधाकर, आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा दुकान लावलं, तेव्हा आमच्या बादलीतून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी निघाली. ती सुधाकरने माझ्यापासून लपवली होती. साहेबांनी पुडी माझ्या हातात दिली आणि त्याच्याकडे बघून म्हणाले, "दोस्ताले देऊन खात जा." मग वाळू पुन्हा चाळायला लावली.

असा माणूस फटाक्यांचा वैरी असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात साहेबांचा जीव अनारांवर. "अनार मंजे कसा, मोहरल्या आंब्यावानी दिसते," असं म्हणत ते दरवर्षी स्वतःच्या खिशातून डबाभर अनार नेत आणि फुकट घ्या म्हणणाऱ्याकडे असं बघत की तो पुन्हा तसं म्हणत नसे. सुतळी बॉम्बचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. "भयऱ्याची दिवाळी हाय थे," एवढंच बोलून कानांवर हात ठेवत पुढे जात.

परवान्यात नसलेल्या गोष्टींतही ते लक्ष घालत. तेव्हा घरोघरी नायलॉनच्या साड्या आल्या होत्या. एखादी बाई तशी साडी नेसून फुलझड्या घ्यायला आली की साहेब तिला तिथेच थांबवत. "वं बाई, ह्ये नेसून फटाक्याजवळ जाऊ नको. पेटीतलं सुती लुगडं काढ." एकदा एकीचा नवरा तणतणला, "तुमाले काय करा लागते?" साहेब शांतपणे म्हणाले, "मले काईच नाई करा लागत. मंग दवाखान्यात तुले बसा लागते." बाई पदर तोंडाला लावून हसत निघून गेली.

आमच्या शेजारचं दुकान गुलाबभाऊंचं. एरवी बांगड्यांचा व्यापार, दिवाळीला फटाके. माणूस भाविक आणि हेका पक्का. एका लक्ष्मीपूजनाला दिवेलागणीच्या वेळी त्यांनी दुकानात लक्ष्मीची तसबीर मांडली आणि तिच्यापुढे पणती लावली. त्यांचं बघून सगळ्या रांगेने लावली, आम्हीसुद्धा. शिवाय उदबत्त्या रोवायला वाळूच्या बादलीएवढी सोयीची जागा कोणती? बादल्यांना हळदकुंकू लागलं आणि त्या धूर सोडू लागल्या. भोवती चढत्या थप्प्यांनी लवंगी, रॉकेट आणि चक्रं. आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

सगळ्यांत मोठ्या विक्रीच्या संध्याकाळी सगळ्या मैदानाचे परवाने रद्द होणार, हे उघड होतं. आमची पुढच्या वर्षाची फी त्या एका संध्याकाळवर होती.

"दिवा काहून लावला गा, भाऊ?" साहेबांनी विचारलं.

"लक्ष्मीपूजन हाय. दिव्याबिगर लक्ष्मी येते का?" गुलाबभाऊ ताठ उभे. "परवाना फाडा. पण मी लक्ष्मीपुढचा दिवा मालवनार नाई."

साहेबांनी फुंकर मारायला सांगितलंच नाही. ते मौद्याकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. लक्ष्मीपुढची ज्योत आपल्या हाताने घालवणं त्यांनाही जमलं नसतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी चपला काढल्या, तसबिरीला हात जोडले, पणती अलगद उचलून बादलीतल्या वाळूवर ठेवली आणि अख्खी बादलीच उचलली. "मालवू नका. चालवत न्या," म्हणाले आणि तळहाताने ज्योत झाकत मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या ड्रमपाशी निघाले.

"दुकान इकडं अन् लक्ष्मी तिकडं?" गुलाबभाऊ मागून ओरडले.

"लक्ष्मीले मालूम हाय कोनतं दुकान कोनाचं. तिले पत्ता सांगा लागत नाई."

मग आम्हीही आपापल्या बादल्या उचलल्या. ड्रमपाशी सगळ्या पणत्या ओळीने मांडल्या, आरती झाली, साहेबांनी सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि सगळ्यांपेक्षा बेसूर म्हटली. परवाना कुणाचाच फाटला नाही. बादल्या लगेच दुकानात गेल्या आणि पणत्या तिथेच राहिल्या. त्यानंतर दर लक्ष्मीपूजनाला मैदानाची पूजा ड्रमपाशीच होऊ लागली.

साहेब निवृत्त झाले त्या दिवाळीत आम्ही त्यांना हार घातला. त्यांनी तो काढून हातात घेतला आणि दुकानांच्या रांगेकडे बघितलं. मग जे बोलले ते मला आजही टोचतं. "मी होतो मनून तुमी दिवे तिकडं नेले. मी गेलो का मंग दुकानातच लावान. कोन्या वर्षी एक थिणगी पडन अन् मले मौद्याले बसून आयका लागन." आम्ही नाही नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही.

ते मौद्याला शेतावर राहायला गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात वारले. बातमी ऐकून सुधाकर आणि मी दोघेही रडलो. ना नात्याचा, ना गोत्याचा माणूस, पण घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या दिवाळीला नवा तपासनीस फिरकलाच नाही. लक्ष्मीपूजनाला वारा सुटला होता, गिऱ्हाइकांची झुंबड होती आणि टोकापर्यंत जायचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. गुलाबभाऊंच्या गुडघ्यांनी तर असहकार पुकारला होता. पलीकडचा दुकानदार त्यांना म्हणाला, "आता दुकानातच लावा ना दिवा, भाऊ. कोन इचारते?"

"साहेब इचारते," गुलाबभाऊ म्हणाले.

"भाऊ, साहेब वारले ना."

"तं काय झालं?" असं म्हणून त्यांनी पणती वाळूवर ठेवली, बादली उचलली आणि लंगडत मैदान ओलांडू लागले. गिऱ्हाईक टाकून आम्ही त्यांच्यामागे निघालो.