झॉम्बीच्या सिनेमाबद्दल माझं मत

माझी मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीत मलकापूरला आली की आम्हाला सुधारायचं काम हाती घेते. मागच्या खेपेला तिने आमचं चहातलं साखरेचं प्रमाण सुधारलं होतं, या खेपेला सिनेमाची आवड सुधारायला घेतली. झॉम्बीचा विनोदी सिनेमा. मेलेली माणसं उठतात, पाय फरफटत चालतात, दिसेल त्याला चावतात, आणि हे सगळं पाहून आपण हसायचं असतं. "बाबा, एकदा बघा तर. पोट धरून हसाल," असं म्हणत तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. रविवारची दुपार होती, जेवणं आटोपली होती, उन्हामुळे बाहेर पडायची सोय नव्हती. बसलो.

घरातली मतं अशी होती. मुलीच्या मते सिनेमा म्हणजे कमाल. बायकोला रक्त पाहवत नाही, तरी ती पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत होती. माझ्या आईला मात्र तो मुळातच पटला नाही. "आपल्याकडं तं जाळतात मेलेल्याले," ती म्हणाली. "राखेतून कोण उठीन? अन् उठला तरी चालीन कशानं?" मुलीने तिला समजावलं की यात जिवंत माणूसही चावा बसल्याबरोबर झॉम्बी होतो, जाळायला वेळच मिळत नाही. आईचं काही समाधान झालं नाही. थोड्या वेळाने ती सुपात तांदूळ घेऊन बाहेर ओट्यावर निवडायला जाऊन बसली.

माझे बाबाही पाहत होते. त्यांचा सारा जन्म जिनिंगच्या कारखान्यात कापसाची प्रत पाहण्यात गेला. बोंडातला पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणायचा आणि धागा किती लांबीचा ते सांगायचं. आता त्यांना जिनिंग आठवत नाही, पण चिमटी चालूच असते. चादर, सदऱ्याची बाही, जे हाताला लागेल ते ओढत राहतात. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातीचं गेलं, मग सुनेचं. आईला ते कधी ओळखायचे, कधी तिला पाहुणी समजून बसायला सांगायचे. मला अजून ओळखत होते. डॉक्टर म्हणाले होते, तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही. त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या खोलीत शिरताना दारातूनच मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचो. 'आला का बे?' म्हणाले की माझा दिवस चांगला जायचा.

सिनेमात पुढे नायकाचा बाप झॉम्बी होतो. घरचे त्याला खोलीत ढकलतात, दाराला बाहेरून टेबल लावतात आणि काठीच्या टोकाला जेवणाची पिशवी बांधून खिडकीतून आत सरकवतात. बाप घुरघुरत दारावर धडका देतो, आणि दर धडकेला बाहेरच्या टेबलावर बसलेला नायक वीतभर उडतो. मुलगी हसून हसून आडवी झाली. बायको हसता हसता थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

गेल्या महिन्यात बाबा एकदा हायवेपर्यंत गेले होते. तेव्हापासून रात्रीपुरती आम्ही त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावत होतो. कधी कधी ते आतून थापा मारायचे, "उघडा ना कोणी," म्हणायचे. उघडलं की बाहेर निघायला बघायचे, म्हणून पुढे पुढे आम्ही उघडेनासे झालो. मुलगी सकाळीच पुण्याहून आली होती, तिला हे ठाऊक नव्हतं, तिला बोल लावण्यात अर्थ नाही. बाबा खुर्चीत बसून सदऱ्याची बाही ओढत होते. सगळे हसले की तेही हसत होते.

माझं मत तिथेच ठरलं. ज्याने हा सिनेमा काढला त्याच्या घरात कोणी म्हातारं माणूस नसणार. "फालतू आहे," असं म्हणून मी उठलो, मागच्या अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच पेरूच्या सावलीत बसून राहिलो. मला राग आला आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरं तर मी घाबरलो होतो. त्या पडद्यावरच्या बापाच्या डोळ्यांत कोणाचीच ओळख नव्हती, आणि तसे डोळे माझ्याही घरात एक दिवस उघडणार होते.

परत आलो तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती. मायलेकींची नजर टीव्हीवर होती. खोलीत पाहिलं, न्हाणीत पाहिलं. ओट्यावर आई तांदूळ निवडत होती.

"आई, बाबा कुठे?"

"गेले ना बाहेर. टोपी घातली, चपला घातल्या अन् निघाले."

"अगं, तू पाहिलंस ना? मग निदान विचारायचं तरी, कुठं चालले!"

"जाणाऱ्याले कुठी म्हणून टोकत असते का कोणी?" आई म्हणाली. "आतालोक कधी टोकलं नाही मी त्याईले. अन् आज बेस तयार होऊन निघाले, बाप्पा. मले वाटलं, बरं वाटून राह्यलं असन."

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं' विचारत नाहीत आणि मागून हाक मारत नाहीत. काम नासतं म्हणतात. बाबा रोज टोपी घालून जिनिंगला निघायचे तेव्हाही आई अशीच ओट्यावरून नुसती पाहत राहायची. सूप तिच्या हातून निसटलं आणि तांदूळ ओट्यावर सांडले. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

मुलगी स्टेशनच्या बाजूला पळाली, बायको बाजाराकडे. मी हायवेच्या बाजूला निघालो. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला म्हणाला, "हाव, काका गेले ना इकून. म्या म्हटलं कामानं चालले असन, काऊन टोकू?" पुढे नळावर पाणी भरणाऱ्या बाईनेही पाहिलं होतं. पंक्चरच्या दुकानातल्याने तर नमस्कारही केला होता. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी चांगुलपणाने जाऊ दिलं. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण थांबायला वेळ नव्हता. ट्रकांचे हॉर्न ऐकू यायला लागले तसा मी पळत सुटलो.

हायवेच्या कडेला ते दिसले. पाठमोरे. एक चप्पल कुठेतरी गळून पडली होती आणि तो अनवाणी पाय तापलेल्या डांबरावर फरफटत होता. दोन्ही हात पुढे धरलेले, चिमटीने हवा ओढत चाललेले. आत्ताच घरात पाहिलेली चाल होती ती. मी थबकलो. सख्ख्या बापाच्या जवळ जायला मला भीती वाटली. एक ट्रक त्यांना घासून गेल्यासारखा गेला आणि त्याच्या वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, तेव्हा कुठे माझे पाय हलले.

हाक मारली असती तर दचकून ते रस्त्यात गेले असते. म्हणून मी कडेच्या नालीत उतरलो, काटेरी झुडपांतून पुढे गेलो आणि समोरून वर आलो. त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"राम राम, भाऊ," ते म्हणाले.

अनोळखी माणसाशी ते असेच अदबीने बोलायचे. इतके दिवस ज्याला घाबरत होतो ते हे असं, भर दुपारी, ट्रकांच्या धुळीत समोर आलं.

"चला, घरी जाऊ," मी म्हणालो.

"हाव, घरीच जायचं हाये. रस्ता सापडून नाही राह्यला." त्यांनी माझा हात धरला. थोडं चालल्यावर इकडेतिकडे पाहून आवाज बारीक केला. "तुम्ही भले माणूस दिसता म्हणून सांगतो. तिकडं एक घर हाये. तिथली लोकं मले कोंडतात. बाहेरून कडी लावतात. लय हाका मारतो मी, कोणी येत नाही. आज सारे टीव्हीपुढं हसून राह्यले होते, तवा निसटलो."

"कोण लोकं?" मी विचारलं.

"कोनाले मालूम. दिसाले घरच्यावानीच दिसतात," बाबा म्हणाले. "म्हणून तं जास्त भेव लागते."

मी माझ्या चपला त्यांच्या पायांत घातल्या आणि तापल्या रस्त्यावरून अनवाणी त्यांच्याबरोबर चालत राहिलो. ते आता निर्धास्त होते. आपल्याला घरी नेणारा माणूस भेटला, या भरवशावर रमतगमत चालले होते, मला कापसाच्या भावाचं विचारत होते. दुसरीकडे कुठे न्यायचं असतं तर मी नेलं असतं. पण त्यांना ठेवायला माझ्याकडे तेवढंच एक घर होतं.

गल्लीत वळलो. आई दारातच उभी होती. आम्हाला पाहून रडत, दोन्ही हात पुढे करून ती ओट्याच्या पायऱ्या उतरू लागली. गुडघ्यांमुळे तिलाही नीट चालता येत नाही. बाबा जागच्या जागी थांबले. माझा हात घट्ट आवळून ते माझ्या पाठीमागे सरकले. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"भाऊ, इथं नका आणू," ते पुटपुटले. "हेच ते घर."

मी त्यांना आत नेलं.