परत जाणारीला सूट

टोकियोत दोन नद्यांच्या मधे एक नगर होतं, त्याचं नाव हिगाशी-कसाई. तिथे एका बिल्डिंगच्या आठव्या मजल्यावर मिलिंद राहायचा, त्याची बायको प्राची राहायची, त्यांची लेक ईरा राहायची. आणि वर्षातून तीन महिने मिलिंदची आई येऊन राहायची. ती आई मी. तीन महिने भरले की विमानात बसायची, तीही मीच.

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. फ्रिजच्या मागे पिशव्या साठतात तसे ते साठतात. एखाद दिवशी फ्रिज सरकवला की वाटतं, अगंबाई, एवढ्या? माझ्याकडचे बहुतेक दुकानातले आहेत. मी जपान पाहिलं ते काउंटरवर उभं राहून. फुजी पर्वत कसा दिसतो विचाराल तर सांगता यायचं नाही. पण क्रीमच्या कुठल्या डबीवर टॅक्स सुटतो ते विचारा.

आधी एक सांगून ठेवते. तिकडे मोठा भूकंप झाला तेव्हा आमचे हे हयात होते. टीव्हीसमोरून उठेनात. मिलिंद पळून आला नाही, तिथेच राहिला, याचा त्यांना अभिमान आणि मला धडधड. पुढे हे गेले आणि तळेगावच्या घरात मी एकटी उरले. म्हणून मिलिंद बोलवायला लागला. दर खेपेला मला त्याच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, "आई, आता इथेच राहा." बाकी सगळं ऐकायला मिळालं.

*

पहिल्या खेपेला पोचून चार दिवस झाले नाहीत, तर मिलिंद म्हणाला, "आई, चल, तुला दुकान दाखवतो. पासपोर्ट घे बरोबर."

मला वाटलं, परका मुलुख, जवळ बाळगावा लागत असेल.

विजेच्या वस्तूंचं ते दुकान म्हणजे मजल्यावर मजले. मिलिंदने भाताचा कुकर निवडला. भात झाला की गाणं म्हणणारा. मी म्हटलं, "अरे, मला एकटीला कशाला एवढा मोठा? आणि तळेगावात लाइट जाते."

"तुला नाही गं, आम्हाला. फक्त तुझ्या नावावर घेतोय."

मग त्याने समजावलं. जो पाहुणा आहे, थोड्या दिवसांनी परत जाणार आहे आणि वस्तू बरोबर नेणार आहे, त्याला इथलं सरकार टॅक्स सोडतं. इथे राहणाऱ्याला सोडत नाही. मिलिंद राहणारा. मी जाणारी. काउंटरवरच्या मुलीने माझ्या पासपोर्टला एक चिठ्ठी जोडली आणि वर शिक्का मारला.

आमचं घर यांच्या नावावर, किराणा दुकान दिरांच्या नावावर, गॅससुद्धा सासऱ्यांच्या नावावर होता. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर काही आलं, ते मुलाच्या घरातलं भात शिजवायचं भांडं.

*

ही बातमी सहाव्या मजल्यावरच्या शलाकाला लागली. शलाका पुण्याची. नवरा मिलिंदच्याच ऑफिसात. स्वभावाने मोकळी, आवाजाने त्याहून मोकळी. दुसऱ्या दिवशी ढोकळा घेऊन वर आली.

"काकू, तुमच्या हातची आमटी खायचीय एकदा. आणि शुक्रवारी फ्री आहात ना?"

मी फ्री होते. माझा पासपोर्टही फ्री होता. आमटी खायला ती कधी आली नाही.

शुक्रवारी तिने औषधाच्या मोठ्या दुकानात टोपली भरली. क्रीमं, मास्क, डोळ्यांत घालायचे थेंब, पायाला लावायच्या पट्ट्या. पैसे तिचे, पासपोर्ट माझा. शेवटी सही करायची होती. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीवर अक्षरं ओळखायला शिकले, आणि सही शिकले तेव्हा मिलिंद कॉलेजात होता. त्यामुळे मी सही सावकाश करते. आधी अक्षरं, मग काने, मग वेलांट्या, शेवटी वरची रेघ.

मागे रांग वाढली. शलाका कानाशी म्हणाली, "काकू, नुसती एक रेघ ओढा ना. इथे कोण वाचतंय?"

मी म्हटलं, "रेघच ओढायची होती तर शिकले कशाला?"

काउंटरवरची मुलगी वाकून बघत होती. "किरेई," म्हणाली. सुंदर. शलाकाने पिशव्या उचलल्या.

*

पहिली खेप संपली. पासपोर्टला चिठ्ठ्यांचं हे एवढं शेपूट लागलं होतं. एअरपोर्टवर मिलिंद आणि प्राची बाहेरच राहिले आणि मी आत गेले, तर कस्टमच्या माणसाने ते शेपूट उलगडून बघितलं आणि एका चिठ्ठीवर बोट ठेवलं. काय विचारतोय कळेना. त्याने शांतपणे पेन्सिल घेतली आणि कागदावर गोल भांडं काढलं. झाकण काढलं. वर वाफसुद्धा काढली.

आता कळलं. त्याला कुकर बघायचा होता.

मी त्याच्याच पेन्सिलीने भांड्याभोवती घर काढलं, घरात एक माणूस, एक बाई, एक लहान पोर काढली. मग स्वतःकडे बोट केलं आणि घराबाहेर एक विमान काढलं.

त्याने बराच वेळ ते चित्र पाहिलं. मग कॅल्क्युलेटर पुढे केला. मिलिंदने वाटखर्चाला दिलेल्या नोटा मी त्याच्यासमोर ठेवल्या. मुलाने वाचवलेला टॅक्स मुलाच्याच पैशांनी भरून मी विमानात बसले.

घरी पोचल्यावर मिलिंदचा फोन. "आई, अगं, बॅगेत टाकला, बॅग पुढे गेली, असं म्हणायचं ना."

मी म्हटलं, "जपानीत खोटं बोलायला तू अजून शिकवलं नाहीस."

*

पुढच्या खेपेपासून कुकर बंद झाले. माझ्या बॅगेत मावेल तेवढंच घ्यायचं ठरलं. म्हणजे बॅग शलाकाची आणि तिच्या मैत्रिणींची, उचलणारी मी. त्यांची इकडची माणसं तळेगावला येऊन आपापलं घेऊन जायची. एक बाई चिंचवडहून गाडी घेऊन आली, दारातच उभी राहिली, चहाला नको म्हणाली. पिशवी उजेडात धरून सगळीकडून फिरवली आणि म्हणाली, "सील तुमच्याकडून तुटलं का हो?"

मी म्हटलं, "नाही. मला क्रीम लावून कुठे जायचंय?"

*

त्याच खेपेत बिल्डिंगमधली पोरं मला एका नावाने हाक मारायला लागली. मेन्झेई आजी. लिफ्टमध्ये, बागेत, सगळीकडे. "मेन्झेई आजी, बाय-बाय." मला बरं वाटलं. म्हटलं, थोरली आजी, मानाची आजी, असं काहीतरी असेल. मी त्या नावाला ओ देत राहिले. तळेगावला फोन करून जावेलाही सांगितलं.

एके दिवशी प्राचीला विचारलं, "मेन्झेई म्हणजे काय गं?"

प्राची मुळात कमी बोलणारी. ती पोळी लाटत होती, लाटतच राहिली. पोळी पार पातळ झाली तेव्हा म्हणाली, "टॅक्स-फ्री, आई."

*

एका सकाळी जमीन हलली. धक्का मोठा नव्हता, पण त्या मोठ्या भूकंपाच्या वेळी जी माणसं इथे होती ती आता थांबत नाहीत. जिना उतरून सगळे बागेत जमले. मी ईराला कडेवर घेऊन आठ मजले उतरले होते. बाकावर बसले. शलाका धावत आली.

"काकू, ठीक आहात ना? लागलं नाही ना कुठे?"

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "नाही गं, ठीक आहे."

"आणि पासपोर्ट? वरच राहिला का?"

*

ईराला स्ट्रॉबेरीचं चॉकलेट फार आवडायचं. निघायच्या आठवड्यात मी माझ्या पैशांनी तिच्यासाठी तिला आवडतात ती सगळी चॉकलेटं घेतली. मिलिंद बरोबर होता. सवयीने त्याने माझा पासपोर्ट पुढे केला. खायच्या वस्तू टॅक्स-फ्री घेतल्या की त्या देशात उघडायच्या नाहीत असा नियम, म्हणून काउंटरवरच्या मुलीने सगळं पारदर्शक पिशवीत घालून चारी बाजूंनी चिकटवून दिलं.

घरी आल्यावर ईरा पिशवीला हात लावून उभी. आतलं सगळं दिसत होतं. मिलिंद म्हणाला, "उघडू नको हं, एअरपोर्टला बघतात. आपण तुला दुसरं आणू." दुसरं आणायचं राहून गेलं. पिशवी फ्रिजवर होती आणि ईरा जेवताना मान वर करून जेवायची.

ती पिशवी मी तळेगावला आणली. व्हिडिओ कॉलवर ईरा म्हणाली, "आजी, आता उघड."

मी सुरीने उघडली. एकेक वडी फोनपुढे धरली. "खा," ती म्हणाली. मी खाल्लं. तिने विचारलं, कसंय? गोडच असणार. मी म्हटलं, "छान आहे."

"इइ ना," म्हणाली. तिकडची पोरं असं म्हणतात, दुसऱ्याला मिळालं आणि आपल्याला नाही, तेव्हा.

*

तिसऱ्या खेपेला गणपती तिथेच झाले. मराठी मंडळींनी भाड्याने हॉल घेतला होता. आरती झाली, पानं वाढली, आणि ग्योतोकुहून आलेल्या एका गृहस्थांनी मिलिंदला सहज विचारलं, "आईंना कायमचं का नाही आणत?"

मी मागेच वरण वाढत होते. डाव हातात तसाच राहिला.

मिलिंद म्हणाला, "कायमचं आणलं तर टॅक्स-फ्री कोण करून देणार?"

हॉल हसला. शलाकाला ठसका लागला. मीही हसले. आपल्यावरच्या विनोदाला आपण हसलो नाही तर लोकांना अवघडतं. प्राची तेवढी हसली नाही. ती कोपऱ्यात उष्टं वेगळं करत होती. जळणारा कचरा एका पिशवीत, प्लास्टिक दुसरीत, बाटल्या तिसरीत. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

म्हटलं, "प्राची, मी कुठल्या पिशवीत गं?"

तिने हात पुसले आणि उठून गेली.

*

त्यानंतर एका दुपारी प्राचीने मला समोर बसवलं. मिलिंद ऑफिसात, ईरा शाळेत.

"आई, मी चौकशी केलीय. मिलिंदला आता वरच्या दर्जाचा व्हिसा मिळालाय. त्याच्यावर आईला इथे राहायला आणता येतं. पण कारण लहान मूल सांभाळायचं असंच दाखवावं लागतं. आणि ईरा सात वर्षांची होईपर्यंतच. पुढचं पुढे बघू."

मी म्हटलं, "मिलिंदला माहीत आहे?"

"त्याला आज सांगणार. आधी तुम्हाला विचारलं. राहाल का?"

जे वाक्य मुलाच्या तोंडून यायचं होतं, ते सुनेच्या तोंडून आलं. सरळही आलं नाही, प्रश्न होऊन आलं. आनंद व्हावा तर आत काहीतरी टोचत होतं, आणि माझी जीभ काही गप्प बसणारी नाही.

"म्हणजे सरकारी कागदावर मी आई नाही, आया."

प्राची म्हणाली, "कागद त्यांना द्यायचाय, आई. घरात नाही लावायचा."

मिलिंदला तिने संध्याकाळी सांगितलं. तो चप्पल काढता काढता थांबला. माझ्याकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग म्हणाला, "भात लावलाय का?"

*

कागद व्हायला वेळ लागला. तोवर मी तळेगावला. घराची किल्ली जावेकडे दिली आणि चौथ्यांदा विमानात बसले. या वेळी उतरल्यावर मला इथे राहणाऱ्यांचं एक कार्ड दिलं, मिलिंदकडे आहे तसंच.

शलाकाला मी काही सांगितलं नाही. तिने विचारलंच नाही. आठवड्यात ढोकळा आला. "काकू, शुक्रवारी फ्री आहात ना?"

मी म्हटलं, "चल की."

ईराला शाळेतून घेतलं आणि तसेच दुकानात गेलो. या वेळी शलाकाच्या घरी कुणाचं तरी लग्न होतं. टोपली भरली, मग दुसरी घेतली, तीही भरली. काउंटरवर तिने माझ्या हातातून पासपोर्ट घेऊन पुढे सरकवला.

मुलगी नवीन होती. तिने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, परत मागे आली. तिला हवं ते पाहुण्यांचं स्टिकर सापडेना. मग वाकून ईराला जपानीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणते गं?" शलाका म्हणाली.

"विचारतेय, आजी परत कधी जाणार."

"सांग तिला, पुढच्या महिन्यात."

ईराने माझ्याकडे पाहिलं नाही, शलाकाकडेही पाहिलं नाही. त्या मुलीला म्हणाली, "काएरानाइ."

परत जात नाही. एवढं जपानी मला येतं.

मुलगी कमरेत वाकली. माफ करा, माफ करा, असं म्हणत राहिली. मग कॅल्क्युलेटरवर आकडा करून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. टॅक्स लागेल, दोन्ही टोपल्यांवर लागेल. इतकी ओशाळली होती, जणू माझ्याकडचं काही काढूनच घेत होती.

"काकू," शलाका म्हणाली, "हे काय?"

मी त्या मुलीच्या हातावर हात ठेवला.

"लाव बाई," मी म्हटलं. "लाव. सगळा लाव."