भूषणने जिंकलेलं मोहोळ

शेजारच्या काकूंनी हाक मारली तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "धुळ्याहून फोन आहे, लवकर ये." मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत फोन त्यांच्याकडेच. लग्न होऊन जळगावला आल्यापासून धुळ्याचा फोन म्हणजे बहुतेक आईचा असतो, म्हणून मी हात पुसत, काहीतरी बोलत बोलतच रिसीव्हर उचलला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग आबांचा, म्हणजे भूषणच्या वडिलांचा, आवाज आला. "ताई... मना भूषण ग्या वं." दुपारची बस धरली. पारोळा मागे पडला तरी मनात एकच विचार, की आपण पोचेपर्यंत थांबतील का. थांबणं शक्य नव्हतं. मी त्यांच्या घराच्या पायरीशी रिक्षातून उतरले तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती आणि दारात हातपाय धुण्यासाठी बादली ठेवलेली होती.

भूषणला ओळखणारी माणसं फार नाहीत. तेविसाव्या वर्षी तो गेला आणि त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं तो स्वतःच्या पायांवर उभा राहू शकला नव्हता. आजार स्नायूंचा. मुलगा लहानपणी चारचौघांसारखा धावतो, मग जिना चढताना गुडघ्यावर हात टेकू लागतो, मग पडू लागतो. हा आजार घराला नवा नव्हता. भूषणचा थोरला भाऊ अनिल याच आजाराने गेला, तेव्हा त्याची दहावीही झाली नव्हती. त्यामुळे आपल्याला काय होणार आहे हे भूषणला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. शेजारच्या खाटेवर त्याने ते सगळं क्रमाने पाहिलं होतं. अनिल गेल्यावर आबांनी दोंडाईचाजवळच्या गावातली शेती भावाकडे सोपवली आणि दवाखाना जवळ हवा म्हणून धुळ्यात दोन खोल्या घेतल्या.

मी त्या वेळी बी.एस्सी. होऊन धुळ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास पहिल्या मजल्यावर होता. एक दिवस जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि एक धोतर-टोपीतला माणूस एका मोठ्या मुलाला पाठीवर घेऊन आत आला. क्लासचे सर गोंधळले. इथे उभं राहून करायचं काही नाही, पण रोज येणार कसं, असं काहीतरी ते म्हणाले. आणण्या-नेण्याचं काम अंगावर घेत आबा म्हणाले, "मी रोज लई येसू, लई जासू. पोऱ्याले बसाले खुर्ची शे का, तेवढं सांगा." पाठीवरच्या मुलाने मान खाली घातली होती. त्याला खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, हात उचलून की-बोर्डवर ठेवले... आणि त्या हातांची बोटं एकदम जिवंत झाली. खांदे गेले होते, दंड गेले होते, बोटं तेवढी राहिली होती. महिनाभरात तो वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे गेला. घरी अहिराणी बोलणारा हा मुलगा माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलायचा आणि मला अक्का म्हणायचा.

तो खेळ आला पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाच्या फ्लॉपीतून. सुट्टीत आला आणि क्लासच्या मशीनवर टाकून गेला. तशा आमच्याकडे गाडी पळवायचे, विटा फोडायचे खेळ होते. मुलं त्यांच्यावर तुटून पडायची. भूषण ते खेळत नसे, कारण बाणाच्या कळेकडे बोट नेईपर्यंत चेंडू खाली गेलेला असायचा. हा नवा खेळ पाहून इतर मुलं हसली, कारण त्यात चित्रच नव्हतं. काळ्या पडद्यावर ठिपके म्हणजे फरशी, रेघा म्हणजे भिंती. एक गोल वेढ्यातला a म्हणजे आपण. बाकी अक्षरं म्हणजे राक्षस, जनावरं, किडे. जमिनीखालच्या भुयारात एकेक मजला उतरत जायचं, आणि मेलो तर मेलो. मागच्या जागेवरून पुन्हा सुरुवात नाही. सगळं पहिल्यापासून, आणि भुयारही दर वेळी वेगळं. पण त्यात एक गोष्ट होती जी बाकीच्यांच्या लक्षात आली नाही आणि भूषणच्या पहिल्या पाच मिनिटांत आली. तो मला बोलावून म्हणाला, "अक्का, हा थांबतो. मी कळ दाबेपर्यंत कोणीच हलत नाही. मी तासभर विचार केला तरी चालतं." इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिला नव्हता.

त्या खेळात भूषणला सगळ्यात जास्त वेळा मारलं ते मधमाश्यांनी. राक्षस एकटे यायचे, त्यांच्याशी लढता यायचं. माश्या मात्र झुंडीने यायच्या. एका खोलीत a, a, a असा अक्षरांचा थवा दिसायचा आणि आपण एक पाऊल टाकेपर्यंत तो अंगावर असायचा, कारण आपल्या एका पावलात त्यांची दीड-दोन पावलं व्हायची. डंख विषारी. प्रत्येक डंखाला पडद्याच्या तळाशी लिहिलेला ताकदीचा आकडा उतरायचा, आणि कधी नशीब फुटकं असलं तर एका डंखातच सगळं संपायचं. मेल्यावर पडद्यावर अक्षरांनीच काढलेला एक थडग्याचा दगड यायचा आणि त्यावर खेळणाऱ्याचं नाव, भूषण. एकदा आबा त्याला न्यायला आले तेव्हा नेमका तो दगड समोर होता. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हाई काय शे रे?" भूषण म्हणाला, "मंदिर शे, आबा." आबांनी टोपी सारखी केली आणि पडद्याला हात जोडले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढे जिना चढणं आबांना झेपेना. शिवाय भूषणला छातीत कफ सारखा होऊ लागला. सरांनी क्लासमधलं एक जुनं मशीन त्याच्या घरी नेऊन दिलं आणि मी आठवड्यातून दोनदा तिकडे जाऊ लागले. म्हणायला शिकवायला, खरं तर तो काय करतो ते बघायला. त्या दिवसांत मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "भूषण, या माश्या म्हणजे तुझ्या आजारासारख्याच आहेत ना, चहूबाजूंनी येतात..." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाही अक्का. माश्या मरतात." मी पुन्हा कधी तसलं काही बोलले नाही.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो उन्हाळ्यातला. माझं लग्न ठरलं होतं. मी दुपारी गेले तेव्हा भूषण भुयारात नेहमीपेक्षा बराच खाली होता, आणि पडद्यावर एक ओळ उमटली होती. कुठेतरी मंद गुणगुण ऐकू येतेय. म्हणजे त्या मजल्यावर पोळं होतं. खाली जायचा जिना समोर होता. न बोलता उतरून गेलं असतं तर माश्यांना पत्ताही लागला नसता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "पोळ्यात राणीमाशीचं खाणं असतं. ते खाल्लं की ताकद वाढते." पण त्या दिवशी त्याचा डावा हात पूर्ण पडून होता आणि उजव्या हाताची बोटं दर थोड्या वेळाने थांबत होती. तो म्हणाला, "अक्का, तू दाब. मी सांगेन तीच कळ, आणि सांगेन तेव्हाच. घाई करू नकोस." मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. आबा दारात बसून वाती वळल्यासारखा पंच्याचा काठ वळत होते. माय, म्हणजे भूषणची आई, आत तांदूळ निवडत होती.

पोळ्याच्या खोलीला एकच दार होतं. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला आणि पडदा a ने भरला. माझं बोट आपोआप मागे पळायच्या कळेकडे गेलं. "थांब!" तो ओरडला. ओरडला म्हणजे त्याला जमेल तेवढा. आबा दारातून म्हणाले, "मोहोळ उठनं का पळानं नही. घोंगडी ली ने पडी ऱ्हावानं." घोंगडी पांघरून निपचित पडायच्या या उपायावर भूषणला त्या परिस्थितीतही हसू आलं. "घोंगडी नही शे आबा, ढाल शे." मग मला म्हणाला, "दोनच पावलं मागे. बोळात." बोळ एका माणसापुरता अरुंद होता. तिथे उभं राहिलं की थवा कितीही मोठा असला तरी समोर एकच माशी येऊ शकत होती. बाकीच्यांना तिच्यामागे रांग लावावी लागे. मी कळ दाबायचे, तलवार चालायची, कधी लागायची, कधी हुकायची. एक माशी पडायची आणि दुसरी तिच्या जागी यायची. डंख बसले. ताकदीचा आकडा एकाने उतरला, पुन्हा एकाने. शेजारचा जीवाचा आकडा निम्म्यावर आला, मग त्याहून खाली. देवाची प्रार्थना करायची सोय त्या खेळात होती, पण ती त्याने थोड्याच वेळापूर्वी वापरली होती आणि इतक्या लवकर पुन्हा हाक मारली तर देव कोपतो.

आणि मग बोळात मागच्या बाजूने एक d आला.

समोर माश्या, मागे हा, हलायला जागा नाही. मी विचारलं, "आता?" भूषण डोळे मिटून म्हणाला, "आता चहा. माय, चहा टाक. माश्या थांबतील." आणि खरंच आम्ही चहा घेतला. मायने बशीतून त्याला घोट घोट पाजला, हनुवटी पुसली. a जिथल्या तिथे होते, d जिथल्या तिथे होता. त्या घरात मी कधीही न पाहिलेली शांतता त्या वेळी होती... जणू कोणालाच कशाची घाई नव्हती. चहा झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, आधी तो d काय आहे ते विचार. विचारायला वेळ लागत नाही." विचारलं. कुत्रा होता. कोल्हा नव्हे, लांडगा नव्हे, साधा कुत्रा. "आपल्या पिशवीत मांसाचा तुकडा आहे. त्याच्याकडे फेक." मी फेकला. कुत्र्याने तो खाल्ला आणि पुढच्या कळेला तो आमचा झाला. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते उठून पडद्याजवळ आले आणि कुठला तो कुत्रा, म्हणून बोट लावून बघू लागले.

त्यानंतरही सोपं नव्हतं. शेवटची माशी पडली तेव्हा जीव तीनवर होता. आणखी एक डंख आणि दगड. माश्या संपल्या हे मला कळायला वेळ लागला. मी पुढची कळ दाबणार तर तो म्हणाला, "नको. संपल्या." आबांनी विचारलं, "बठ्ठा किडा मरी ग्यात का?" "बठ्ठा, आबा." एकूण एक. पोळ्यातले गोळे आम्ही उचलले आणि एक खाल्ला. पडद्याच्या तळाशी ताकदीचा आकडा एकाने वाढला. दुसरा खाल्ला, आणखी एकाने. भूषण त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बघ अक्का, वाढली." तेवढंच. मी निघाले तेव्हा माय त्याला वरणभात भरवत होती आणि तो एकेक घास फार वेळ चघळत होता.

तो योद्धा फार जगला नाही. पुढच्याच आठवड्यात शिळं मांस खाऊन मेला. एवढ्या माश्यांतून वाचलेला माणूस शिळं खाऊन मेला म्हणून भूषण इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि आबांना त्याला पुढे वाकवून पाठ चोळावी लागली. मग माझं लग्न झालं. पत्रांतून कळायचं, बोटंही गेली, मशीनवर माय कापड झाकून ठेवते. दिवाळीला माहेरी आले तेव्हा तो दवाखान्यात होता. नाकाला नळी होती आणि श्वास घेताना मानेच्या शिरा ओढल्या जात होत्या. मी काहीतरी बोलावं म्हणून खेळाचा विषय काढला. त्याने मान हलवली, नको. मग दोन श्वासांच्या मधे, एकेक शब्द करून म्हणाला, "आबांना... झोपायला सांग. बसूनच असतात." मी बाहेर जाऊन आबांना सांगितलं. ते हो म्हणाले आणि बसूनच राहिले. थंडीत भूषण गेला.

आता महिना होऊन गेला. परवा मी पुन्हा धुळ्याला जाऊन आले. माय बोलली, रडली, मला तिने शिरा करून घातला. खाट काढून टाकली आहे, खोली मोठी दिसते. मी निघाले तेव्हा आबा म्हणाले, चला, स्टँडपर्यंत येतो. पायात चपला घातल्या, टोपी घातली, रिकाम्या हातांनी पुढे झाले. दारापाशी आले आणि कमरेत थोडे वाकले, अंग तिरकं केलं, एक खांदा आधी बाहेर काढला आणि मग हळूच दुसरा. कोणाचे तरी लोंबते पाय चौकटीला लागू नयेत असे... बाहेर आल्यावर ते सरळ झाले आणि माझी वाट बघत उभे राहिले. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं. मायला कळलं होतं. ती आतून बघत होती.