गिटारही धुतली मी

बायांनो, आयका.

आज दसरा. पूजेसाठी विळे, सब्बल, फवारणीचा पंप साबणानं घासले. त्याच्यातच ह्यांची करंटवाली गिटारही धुतली. नाटकात वाजवतात हे. लगनाच्या आधीची आहे, आतल्या तारा ह्यांनीच बदलवल्या. नागपूरचे नाटकवाले इकत मागून राहिले, पन हे देत नाही.

देरानं पायलं. "वहिनी, पागल झाली का? आत पाणी गेलं असंल. लायनीले लावली का झटका देईल!"

ह्यायले सांगावं तं शिव्या खाव्या लागतील. म्हणून पुसली, हळदीकुंकू लावलं आन चूप बसली.

हे आले, पाया पडले. म्हणाले, "आज वाजवतोच." गिटारीची वायर स्पीकरले जोडली. एका हातात गिटार, दुसरा हात स्पीकरच्या बटनाकडे.

मी धावत जाऊन घराची मेन लाइनच बंद केली. "धुतली मी ते! हात नोका लावू!"

ह्यांनी पेचकस आणून मागची पट्टी खोलली. आतून पाणी टपकलं.

आता गिटार वाजंल का नाही, मले माहीत नाही. पन शिव्यायच्या भेवानं चूप बसली अन् माणूसच गेला असता. तुमी लगेच सांगतलं असतं का? खरं सांगा.